पदरावर पदर : गोधडीची घडण

जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक पसरून, वरच्या अंगाला उरल्यासुरल्या तुकड्यांची जोडणी करून आणि हे सगळे थर आरपार जाणाऱ्या साध्या धावदोऱ्याने एकजीव करून जे अंथरूण-पांघरूण तयार होते, त्याला महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी गोधडी म्हणतात. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिलाच वाकळ म्हणतात, चार पदरांची असली की ती चौघडी होते आणि तान्ह्या बाळापुरती लहान व मऊ केली की दुपटे. पिंजलेला कापूस भरलेली रजई, लोकरीचे घोंगडे आणि मागावरची सोलापुरी चादर ही पांघरुणेही याच प्रदेशातली असली, तरी त्या प्रत्येकासाठी घराबाहेरच्या कारागिराकडे, म्हणजे पिंजाऱ्याकडे, सणगराकडे किंवा विणकराकडे जावे लागते. गोधडीला मात्र घरातले कापड, सुई, दोरा आणि घरातल्या बाईचे हात एवढेच पुरते, आणि बहुधा याच कारणामुळे तिच्यातल्या कसबाची गणना कधी कारागिरीत झाली नाही, ती घरकामातच होत राहिली. तिच्याकडे गरिबीची खूण म्हणून पाहण्याची सवयही इतकी रुळलेली आहे की कापडाची निवड, थरांची रचना आणि टाक्यांची दिशा यांमागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेले पक्के शहाणपण आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

गोधडी समजून घ्यायची तर आधी घरातल्या कापडाचा प्रवास पाहावा लागतो. रोजच्या वापरातले लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. बसण्याउठण्याने आणि कासोट्याच्या ओढीने त्याचा मधला भाग आधी विरतो, तर काठ आणि पदर बराच काळ धड राहतात. अशा वेळी विरलेला भाग कापून काढून दोन्ही बाजूंचे चांगले भाग एकमेकांना शिवण्याची पद्धत होती, तिला दंड घालणे म्हणत, आणि दंड घातलेले लुगडे आणखी वर्ष-दोन वर्षे अंगावर निघत असे. त्यानंतर त्यातल्या धड भागाचे मुलीचे परकर, झबली, उशीचे अभ्रे होत. जे कापड अंगावर घालण्याजोगे राहिले नाही पण ज्याच्यात अजून जीव आहे ते गोधडीत जाई. गोधडीही फाटली की तिचे पायपुसणे, भांडी उतरवण्याचे फडके किंवा सारवणाचे पोतेरे होई, आणि शेवटी उरलेली चिंधी तेलात भिजून काकड्याच्या रूपाने जळून जाई. या साखळीत गोधडीची जागा साधारण मध्यावर आहे, म्हणजे कापड नेसण्याच्या दृष्टीने निकामी झाले असले तरी ते ऊब देण्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी असते त्या टप्प्यावर.

असे का होते हे कापसाच्या गुणधर्मांवरून कळते. नव्या कापडाला विणताना लावलेली खळ असते, त्याचे धागे घट्ट पिळाचे आणि ताठ असतात. शेकडो धुण्यांनंतर खळ निघून जाते, पिळ सैलावतो, तंतूंची टोके सुटी होऊन पृष्ठभागावर बारीक लव येते आणि कापड मऊ पडते. ऊब कापडात मुळातच साठवलेली नसते. अंगाची उष्णता बाहेर निसटू न देणारी स्थिर हवा ती टिकवून धरते. चार-पाच पातळ पदरांच्या मध्ये आणि त्यांच्या लवेत अशी हवा अडकून राहते, म्हणून तेवढ्याच वजनाच्या एका जाड कापडापेक्षा पातळ थरांची गोधडी अधिक उबदार लागते. बाळंतविड्यात दुपट्यासाठी नवे कापड न घेता आजीचे किंवा आईचे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे वापरण्याची रीत आहे, तिला भावनेइतकाच हाही आधार आहे, कारण नवजात बाळाच्या कातडीला खळीचे कापड टोचते आणि कच्चा रंगही लागण्याची भीती असते.

मापाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट लांब आणि सुमारे चार फूट रुंद कापड. त्याचे सहा-सहा फुटांचे चार भाग केले की २४ फूट खर्ची पडतात आणि एका माणसाला पुरेल अशा गोधडीचे चार पदर एकाच लुगड्यातून निघतात. उरलेल्या तीन फुटांतून कडेला लावायच्या पट्ट्या, ज्यांना गोट म्हणतात, त्या काढता येतात. नावाने पाचवारी असलेली साडी प्रत्यक्षात साधारण १८ फुटांची, म्हणून तिचे तीनच पदर होतात आणि चौथ्यासाठी एखादे धोतर किंवा दुसरी साडी लागते. पदर रचताना सर्वांत धड कापड खाली आणि वर, तर विरलेले, दंड घातलेले किंवा डाग पडलेले कापड आत, असा क्रम ठेवतात, कारण घर्षण सोसायचे असते ते बाहेरच्या दोन पदरांना. आतल्या पदरांचे काम फक्त हवा धरून ठेवण्याचे असते आणि ते फाटक्या कापडालाही चांगले जमते.

वरच्या पदराची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे कातरण येते. धोतर, उपरणे, लुगडे ही न कापता नेसायची वस्त्रे असल्यामुळे त्यांच्यातून तुकडे उरत नाहीत. तुकडे उरतात ते सदरा, पोलके, झबले अशा बेतून शिवलेल्या कपड्यांतून, जिथे गळ्याचा आणि बाहीचा गोल कापला की आजूबाजूला चंद्रकोरीसारखे, त्रिकोणी किंवा निमुळते तुकडे पडतात. शिलाई यंत्र गावोगाव पोहोचले आणि शिवलेले कपडे वाढले तशी शिंप्याच्या दुकानातली ही कातरण पिशव्या भरभरून मिळू लागली आणि गोधडीचा वरचा पदर अधिकाधिक रंगीत होत गेला. हे तुकडे आकारानुसार लावून घेतात. चौकोनी आणि लांबट तुकडे आधी जोडून पट्ट्या करायच्या, पट्ट्या जोडून मोठा पदर करायचा, आणि ज्यांना नीट कडा नाहीत असे तुकडे ठिगळासारखे वरून ठेवून त्यांच्या कडा आत दुमडून शिवायच्या. खणाचा तुकडा मिळाला, तर तो कितीही लहान असला तरी वाया जात नाही. त्याच्या काठाची चमक कोपऱ्यात किंवा मध्यभागी उठून दिसते.

या जोडणीत एक बारकावा सांभाळावा लागतो. विणलेल्या कापडात उभे आणि आडवे असे दोन दिशांचे धागे असतात आणि त्या दोन्ही दिशांना कापड फारसे ताणत नाही. तिरके ओढले तर मात्र ते लगेच वाढते. अशा तिरक्या कापाला शिंपी उरेब काप म्हणतात. बाहीच्या गोलाजवळच्या तुकड्याची एखादी कड हमखास उरेब असते आणि दोन उरेब कडा एकमेकींना जोडल्या तर शिवण वापरात लांबत जाऊन गोधडीला तिथे झोळ पडतो. म्हणून जाणत्या हातांची बाई उरेब कडेशेजारी सरळ धाग्याची कड आणते, आणि तसे जमत नसेल तर त्या तुकड्याखाली दुसरे कापड घालून दोन्ही एकत्र शिवते. रंगांच्या बाबतीत लिहिलेला नियम नाही, पण शंकरपाळ्याचा आकार, चौकटीत चौकट, करवतीच्या दातांसारखी त्रिकोणांची रांग असे नमुने वारंवार आढळतात, आणि गडद-फिकट तुकडे आलटून पालटून ठेवण्याकडे कल असतो. हाताशी येईल त्या कापडातून समतोल साधायचा असल्यामुळे या रचनेत जी नजर लागते ती कागदावर आधी रंगवून ठेवलेल्या नक्षीपेक्षा कमी प्रतीची मुळीच नाही.

खरे कसब दिसते ते टाके घालताना. आधी सगळे कापड धुऊन, उन्हात वाळवून घेतात; नव्या तुकड्यांच्या बाबतीत ही काळजी विशेष घ्यावी लागते, कारण नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि जुने आटून चुकलेले असते, त्यामुळे दोन्ही न धुता एकत्र शिवले तर पहिल्याच धुण्यात गोधडी ओढल्यासारखी होते. मग सारवलेल्या अंगणात किंवा ओसरीवर खालचा पदर पसरून, त्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवून, एकेक थर हाताने मधून कडेकडे सारत सुरकुती काढत बसवतात आणि सगळ्या पदरांना लांब लांब कच्चे टाके घालून टाचून घेतात. कडा आत दुमडून किंवा गोट लावून चारही बाजू बंद केल्या की पक्की शिलाई सुरू होते. तिला चौकट किंवा कापड ताणून धरणारे दुसरे साधन लागत नाही. बाई गोधडीवरच बसते, तिच्या वजनाने कापड ताणलेले राहते, डावा हात खाली घालून सुईचे टोक चाचपते, उजव्या हाताच्या बोटात अंगुस्तान घालून सुई पुढे ढकलते, आणि तीन-चार टाके एकदम सुईवर घेऊन मगच दोरा ओढते. दोरा जाड सुती असतो, अनेकदा दुपदरी केलेला, आणि तो गुंतू नये म्हणून त्यावरून मेण फिरवतात. गाठ वर राहिली तर ती झोपणाऱ्याला टोचते आणि लवकर सुटते, म्हणून ती दोन पदरांच्या मध्ये दडवतात.

पहिली ओळ कडेला लागून चारही बाजूंनी फिरते, दुसरी तिच्या आतून, तिसरी तिच्याही आतून, आणि अशा रीतीने एकात एक चौकटी घालत शिवण मध्यावर येऊन थांबते. या पद्धतीचा फायदा असा की टाक्यांच्या ओळी लांबीच्या आणि रुंदीच्या अशा दोन्ही दिशांना जातात, त्यामुळे धुताना पिळली किंवा दोरीवर टाकली तरी ओढ एकाच दिशेच्या शिवणीवर येत नाही. तिच्यात एक धोकाही आहे : कडा आधी पक्क्या झाल्यामुळे सैल कापड आत आत सरकत जाते आणि बेसावध राहिले तर मध्यभागी त्याचा फुगा होतो. म्हणून प्रत्येक फेऱ्याला थोडेथोडे सैल कापड टाक्यांतच जिरवत यावे लागते. त्यातून दोन ओळींमध्ये ज्या बारीक लहरी उमटतात त्या गोधडीला तिचे ओळखीचे रूप देतात आणि हवा धरून ठेवण्याचे कामही त्याच लहरी करतात.

या श्रमाचे माप काढता येते. चार फूट रुंद आणि सहा फूट लांब गोधडीवर अर्ध्या इंचाच्या अंतराने ओळी घातल्या तर कडेपासून मध्यापर्यंत ४८ फेरे होतात, दोऱ्याच्या ओळीची एकूण लांबी सुमारे ५७६ फूट, म्हणजे साधारण १७५ मीटर भरते, आणि इंचाला दोन टाके धरले तर टाक्यांची संख्या १३,८०० च्या घरात जाते. दुपट्यासारख्या बारीक कामात ओळी याहून जवळ असतात. तेव्हा रिकाम्या वेळात सहज केलेली शिवण असे या कामाचे जे वर्णन नेहमी केले जाते, ते करणाऱ्याने हे आकडे एकदा जरूर नजरेखालून घालावेत.

एवढे काम शेतीच्या धामधुमीत होणे शक्य नसल्यामुळे गावाकडे गोधड्या शिवल्या जातात त्या मुख्यतः उन्हाळ्यात, सुगी उरकून पाऊस लागेपर्यंतच्या काळात. दुपारच्या वेळी एकीच्या ओसरीवर दोघी-तिघी शेजारणी येतात, एकाच गोधडीच्या वेगवेगळ्या बाजू धरून शिवत जातात, आणि आज हिची झाली की उद्या तिची असा फेर चालतो. गोधडीच्या वर्षातला दुसरा मोठा दिवस असतो तो नवरात्राआधीच्या धुण्याचा. घटस्थापनेपूर्वी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण नदीवर किंवा ओढ्यावर नेऊन सोड्याच्या पाण्यात भिजवतात, दगडावर धोपटतात आणि खडकांवर वाळत घालतात. चार पदरांची ओली गोधडी एकटीला उचलवत नाही, दोघींना तिची दोन टोके धरून पिळावी लागते. हे धुणे पाऊस ओसरून ऊन तापू लागण्याच्या काळात येते आणि त्यामुळे पावसाळ्याचा दमटपणा व शिवणीत दडलेले ढेकूण दोन्ही निघून जातात.

अशी वस्त्रे एकट्या महाराष्ट्राची नाहीत. उत्तर कर्नाटकात हिला कौदी म्हणतात. बंगालमधील कांथा जुन्या साड्यांच्याच थरांचा असतो, मात्र तिथे धावदोऱ्यानेच फुले, पाखरे आणि माणसे काढून सारा पृष्ठभाग भरतात, आणि त्यासाठीचा रंगीत दोराही पूर्वी जुन्या साड्यांच्या काठांतून उसवून घेत. मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण आहे ते उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजाचे. पोर्तुगीजांनी आणि इतरांनी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यातील अनेकांचे पूर्वज गोव्यातील गुलामीतून निसटून या जंगलांत आले, आणि त्यांच्या कोंकणी बोलीवर मराठीची छाया आहे. सिद्दी स्त्रिया ज्या गोधड्या करतात त्यांना कवंद म्हणतात. कवंदही कडेकडून आत शिवत जातात. तिच्या चार कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुला म्हणतात, आणि फुला नसलेली कवंद उघडी समजली जाते. या समाजात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक असल्यामुळे एखाद्या कवंदेवर क्रूस तर एखादीवर चंद्रकोर दिसते. हेन्री ड्रूअल या अमेरिकन कला-इतिहासकाराने या कामाचा अभ्यास करून ते जगापुढे मांडले. मराठी गोधडीच्या वाट्याला असा सविस्तर अभ्यास फार थोडा आला आहे, ही खेदाची बाब आहे.

तुकड्यांच्या वस्त्राला भारतात प्रतिष्ठेचाही एक धागा आहे, आणि तो विरक्तीच्या वाटेने येतो. टाकून दिलेल्या चिंध्या वेचून त्यांचे चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, करण्याची प्रथा बौद्ध संघात सुरुवातीपासून होती, आणि विनयपिटकातील महावग्गात अशी कथा आहे की मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून बुद्धाने आनंदाला तशाच आखणीचे चीवर शिवता येईल का असे विचारले आणि त्याने ते शिवून दाखवले. कापून जोडलेल्या वस्त्राला बाजारात मोल उरत नाही, त्यामुळे ते चोराला नकोसे होते, हाही त्यामागचा एक विचार होता. नाथपंथी जोग्यांची कंथा त्याच परंपरेतली. अलीकडच्या काळात गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) आयुष्यभर चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर वागवले, आणि लोक त्यांना गोधडे महाराज व चिंधेबुवा या नावांनी ओळखू लागले. मात्र साधूच्या अंगावर तीच चिंधी वंदनीय ठरली तरी ती जोडणाऱ्या गृहिणीच्या कामाला त्या मानाचा वाटा मिळाला नाही, हे नमूद करावेच लागते.

गोधडीची साखळी तुटू लागली ती कापड बदलल्यामुळे. १९७० नंतरच्या दशकांत नायलॉन, टेरिकॉट आणि पॉलिस्टरच्या साड्या स्वस्त आणि टिकाऊ म्हणून घराघरांत आल्या. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के, म्हणून पॉलिस्टरची गोधडी घाम शोषत नाही, ती अंगाला चिकटते आणि तिचे गुळगुळीत थर एकमेकांवरून घसरतात. शिवाय पॉलिस्टर विरत नाही आणि मऊही पडत नाही, म्हणजे ज्या टप्प्यावर जुने कापड गोधडीच्या कामाला यायचे तो टप्पाच त्याच्या आयुष्यात येत नाही. याच सुमारास शहरांत जुन्या कपड्यांना दुसरी वाट मिळाली : दारावर येणारी बोहारीण साड्या घेऊन त्या बदल्यात स्टीलची भांडी देऊ लागली, आणि डबा की गोधडी या निवडीत डब्याचे पारडे जड होणे स्वाभाविक होते. पुढे टाकाऊ लोकरी कपड्यांचे पुन्हा सूत काढून विणलेली पानिपतची ब्लँकेटे आठवडी बाजारात मिळू लागली. ती गोधडीच्या निम्म्यानेही टिकत नसली तरी एका दिवसाच्या मजुरीत विकत घेता येत होती.

आता गोधडीला पुन्हा मागणी आहे. बचत गटांच्या प्रदर्शनांत, शहरांतल्या दुकानांत आणि परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बाळांसाठी ती विकली जाते. या मागणीचे स्वागत करताना दोन गोष्टी स्पष्टपणे सांगायला हव्यात. पहिली अशी की बाजारातल्या पुष्कळ गोधड्या नव्या कापडाचे ताग्यातून तुकडे कापून शिवलेल्या असतात; त्या दिसायला सुबक असतात, पण जुन्या कापडाचा मऊपणा त्यांच्यात नसतो. दुसरी मजुरीची. तेरा-चौदा हजार टाक्यांच्या कामाची किंमत ठरवताना ग्राहक वापरलेल्या कापडाकडे पाहतो आणि जुन्या साड्यांना एवढे पैसे कशाला असे विचारतो. त्यामुळे शिवणाऱ्या बाईला हाताचे काम सोडून यंत्राकडे वळावे लागते. यंत्राची शिवण वरच्या आणि खालच्या दोऱ्याची घट्ट पकड घेते, त्यामुळे थर एकमेकांना करकचून बांधले जातात, गोधडी ताठ होते आणि विरलेले कापड त्या घट्ट ओळीवरूनच फाटते. हाताचा धावदोरा किंचित सैल असतो व कापडाबरोबर हलतो, म्हणून तो जुन्या कापडाला मानवतो. हा फरक ग्राहकाला कळला तर हाताच्या कामाचे योग्य दाम देण्याला तो तयार होईल, असे मानायला जागा आहे.

घरी गोधडी करू इच्छिणाऱ्यांना आज शुद्ध सुती कापड पुरेसे मिळत नाही, ही अडचण खरी असली तरी तिच्यावर उपाय आहे. अंगाला लागणारे दोन्ही पदर जुन्या सुती चादरी, धोतरे, ओढण्या किंवा साड्यांचे ठेवावेत आणि मिश्र धाग्याचे कापड आत घालावे. जिथे थर घसरण्याची भीती आहे तिथे कच्चे टाके एक वीत अंतराऐवजी चार बोटांवर घालावेत. पुरेसे कापड साठेपर्यंत दोन पदरांचे दुपटे करून हात बसवता येतो. आणि घरात जुनी फाटलेली गोधडी असेल तर ती टाकून न देता तिच्यावरच नवा पदर चढवावा, जसे गावाकडे नेहमी करतात. अशा गोधडीचा वरचा पदर उसवला तर आत नायलॉनच्या खाली वायल, वायलीच्या खाली लुगडे आणि त्याखाली जाडेभरडे धोतर असे घराच्या तीन-चार पिढ्यांचे कापड क्रमाने सापडते. नवा पदर चढवताना जुने टाके उसवायचे कारण नसते, कारण तेच आतल्या विरलेल्या थरांना धरून असतात. नवी ओळ तेवढी जुन्या दोन ओळींच्या मधून न्यावी, म्हणजे एकदा सुई गेलेल्या जागी कापडाला पुन्हा टोच बसत नाही.